शब्दप्रामाण्य नको! : रॉयल सोसायटीने साडेतीन शतकांत काय बदलले आणि काय राखले

१/
इ.स. १६६०. जुलै महिन्यात बाजीप्रभू देशपांडे यांनी पन्हाळा आणि विशाळगड यांच्यामधली खिंड प्राणपणाने लढवली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला लंडनच्या ग्रेशम कॉलेजात ख्रिस्तोफर रेन या २८ वर्षांच्या खगोलशास्त्राच्या प्राध्यापकाचे व्याख्यान संपले आणि १२ जण गप्पा मारत मागे थांबले. दर आठवड्याला जमायचे, प्रयोग करून पाहायचे आणि त्यावर खुली चर्चा करायची, असे त्यांनी ठरवले. प्रवेशशुल्क १० शिलिंग, आठवड्याची वर्गणी १ शिलिंग. या मंडळाचीच पुढे ‘रॉयल सोसायटी’ झाली.

२/
तो काळ चर्चेला मुळीच अनुकूल नव्हता. इंग्लंड नुकतेच यादवी युद्धातून बाहेर पडले होते. १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला होता आणि ११ वर्षांनी त्याचाच मुलगा गादीवर परतला होता. या मंडळात जॉन विल्किन्स होते, ते क्रॉमवेलचे मेहुणे. आणि रॉबर्ट मोरे होते, ते राजाच्या विश्वासातले. कालपर्यंत परस्परांच्या विरुद्ध असलेले हे लोक एका टेबलाभोवती बसू शकले, कारण धर्म आणि राजकारण हे विषय त्यांनी बैठकीच्या दाराबाहेर ठेवले.

३/
१६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने या मंडळाला सनद दिली. त्याच वर्षी त्याचा विवाह पोर्तुगालच्या राजकन्येशी, ब्रागांझाच्या कॅथरीनशी झाला. या विवाहाच्या करारात मुंबईचे बेट इंग्लंडला आंदण मिळाले, हे महाराष्ट्रातील वाचकांना ठाऊक असतेच. सनद आणि मुंबई या दोन गोष्टी एकाच राजाच्या कारकिर्दीत, एकाच सुमारास इंग्लंडच्या इतिहासात आल्या. त्यांची गाठ पडायला मात्र जवळपास १८० वर्षे लागायची होती. ती कथा पुढे येईल.

४/
मंडळाने लॅटिन ब्रीदवाक्य निवडले : ‘नलियस इन वर्बा’. मतितार्थ असा की, कोणाच्याही शब्दावर विसंबू नये. ॲरिस्टॉटल म्हणतो म्हणून खरे नाही, राजा म्हणतो म्हणूनही नाही. प्रयोग करा, दहा जणांना दाखवा, मग बोला. आपल्याकडे तर्कशास्त्रात शब्दप्रामाण्य आणि प्रत्यक्षप्रामाण्य यांचा वाद शतकानुशतके रंगला. तोच प्रश्न येथे एका संस्थेचा नियम झाला. या संस्थेचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या नियमाची परीक्षा होय. त्या परीक्षेत ती अनेकदा नापासही झाली.

५/
आठवड्याच्या बैठकीला येऊन जाऊन पन्नासेक माणसे येणार. ज्ञान मात्र डान्झिग, पॅरिस, फ्लॉरेन्स, डेल्फ्ट असे सर्वत्र विखुरलेले. हे अंतर हेन्री ओल्डेनबर्ग या चिटणीसाने पत्रांनी भरून काढले. हा मूळचा जर्मनीतल्या ब्रेमेनचा. परदेशांतून येणारी पत्रे संशयाला कारण होऊ नयेत म्हणून त्याने आपल्या नावाची अक्षरे उलटसुलट करून ‘ग्रुबेन्डॉल’ हे टोपणनाव घेतले आणि त्या पत्त्यावर पत्रे मागवली. तरीही १६६७ मध्ये डचांशी युद्ध सुरू असताना त्याला काही आठवडे टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात काढावे लागले.

६/
६ मार्च १६६५ रोजी ओल्डेनबर्गने स्वतःच्या जबाबदारीवर एक नियतकालिक सुरू केले : ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’. ते आजही निघते. हा संस्थेच्या आयुष्यातला पहिला मोठा बदल. तोपर्यंत चर्चा ही खोलीतली गोष्ट होती. आता ती छापील आणि गावोगाव पोहोचणारी झाली. शोध कोणाचा आणि केव्हाचा, याचीही नोंद राहू लागली. माध्यम बदलले, पण हेतू अबाधित राहिला. उलट जो बैठकीला येऊ शकत नव्हता त्यालाही आता शंका विचारता येऊ लागली.

७/
याचा कस लागला तो अँटनी व्हॅन लेव्हेनहूकच्या बाबतीत. हा डेल्फ्टमधला कापडाचा व्यापारी. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिलेले नव्हते. लॅटिन येत नव्हते, फक्त डच येत होते. १६७३ पासून तो सोसायटीला पत्रे लिहू लागला. १६७६ च्या एका पत्रात त्याने सांगितले की, पाण्याच्या थेंबात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव वळवळताना दिसतात. आजच्या भाषेत हे सूक्ष्मजीव. लंडनमध्ये त्यावर कोणाचा सहजी विश्वास बसेना.

८/
येथे ब्रीदवाक्य दोन्ही बाजूंनी लागू झाले. व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबायचे नव्हते. पण तो व्यापारी आहे म्हणून त्याचे म्हणणे फेटाळायचेही नव्हते. ओल्डेनबर्गने पत्र इंग्रजीत आणून १६७७ मध्ये छापले. लेव्हेनहूकने गावातल्या प्रतिष्ठितांच्या साक्षी पाठवल्या. शेवटी नोव्हेंबर १६७७ मध्ये रॉबर्ट हूकने स्वतः सूक्ष्मदर्शक जुळवून सभासदांना ते जीव दाखवले. १६८० मध्ये लेव्हेनहूक ‘फेलो’, म्हणजे निवडून दिलेला सभासद झाला. पुढे १७२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो पत्रे पाठवत राहिला.

९/
ध्येय थोर असले तरी तिजोरी रिकामीच असे. राजाने सनद दिली, पैसा दिला नाही. सभासद वर्गणी थकवत. १६८६ मध्ये सोसायटीने माशांवरचा एक देखणा, सचित्र आणि अतिशय खर्चिक ग्रंथ छापला. तो खपला नाही. लगेच पुढच्या वर्षी न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ छापायची वेळ आली, तेव्हा हाती पैसाच नव्हता. एडमंड हॅली याने तो खर्च स्वतःच्या खिशातून केला. हाच हॅली सोसायटीत कारकुनाच्या पदावर होता, आणि त्याला पगारापोटी त्याच मत्स्यग्रंथाच्या ५० प्रती देण्यात आल्या!

१०/
संस्थेचा सर्वांत लाजिरवाणा प्रसंग तिच्या सर्वांत कीर्तिमान अध्यक्षाच्या काळात घडला. कलनशास्त्राचा शोध आधी न्यूटनचा की लायब्निट्सचा, असा वाद पेटला. लायब्निट्स स्वतः सोसायटीचा फेलो. त्याने सोसायटीकडेच दाद मागितली. १७१२ मध्ये चौकशी समिती नेमली गेली. अहवाल न्यूटनच्या बाजूने लागला. तो लिहिला होता न्यूटननेच, जो त्या वेळी अध्यक्ष होता. लायब्निट्सचे म्हणणे समितीने ऐकलेही नाही. पुढे १७१५ मध्ये त्या अहवालाची प्रशंसा करणारा निनावी लेख ‘ट्रान्झॅक्शन्स’मध्ये आला. त्याचा लेखकही न्यूटनच.

११/
बैठका नियमित होत्या, सनद शाबूत होती, ब्रीदवाक्य मानचिन्हावर कोरलेले होते. बाहेरून पाहता काहीच ढळले नव्हते. तरीही त्या दिवशी एका माणसाचा शब्द पुराव्याच्या जागी बसला. संस्थेचे ध्येय मोडते ते बहुधा असेच. रीतिरिवाज जसेच्या तसे चालू असतात, फक्त प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही. न्यूटनची प्रतिभा निर्विवाद होती, आणि म्हणूनच त्याला अडवणारा नियम असणे गरजेचे होते. तसा नियम सोसायटीकडे नव्हता.

१२/
नियम आले ते बाहेरच्या थट्टेमुळे. १७५१ मध्ये जॉन हिल या लेखकाने ‘ट्रान्झॅक्शन्स’मधल्या भाकड लेखांची जाहीर खिल्ली उडवली. तोवर नियतकालिक ही चिटणीसाची खासगी जबाबदारी होती, पण बदनामी मात्र सोसायटीची होई. १७५२ मध्ये सोसायटीने ते आपल्या हाती घेतले. कोणता लेख छापायचा, हे एक समिती मतदानाने ठरवू लागली. त्यासोबत एक सूचनाही छापली जाऊ लागली : संस्था म्हणून सोसायटी कोणत्याही विषयावर आपले मत देत नाही. लेख छापला म्हणजे त्यावर शिक्कामोर्तब झाले, असे नव्हे.

१३/
ही सूचना वरवर पाहता जबाबदारी झटकणारी वाटते. खरे तर ती मूळ ध्येयाशी अत्यंत इमानी होती. संस्थेचे वजन वाढले की लोक पुरावा न पाहता संस्थेच्या नावावर विश्वास ठेवू लागतात. म्हणजे ॲरिस्टॉटल गेला आणि त्याच्या जागी रॉयल सोसायटी बसली, एवढाच फरक! आपल्या शब्दावरही विसंबू नका, हे सोसायटीने स्वतःबद्दल सांगून ठेवले. नवा नियम आणि जुने ध्येय असे एकमेकांना पूरक ठरल्याची उदाहरणे संस्थांच्या इतिहासात फार नाहीत.

१४/
१७७८ ते १८२० अशी तब्बल ४१ वर्षे जोसेफ बँक्स अध्यक्ष होते. कॅप्टन कुकसोबत सफर केलेला हा वनस्पतिशास्त्रज्ञ धनाढ्य होता. या काळात सोसायटी सरदार-दरकदार, पाद्री, वकील, डॉक्टर यांनी भरली. त्यांतले बहुसंख्य संशोधक नव्हते. पण वर्गणी त्यांचीच येई आणि त्यावर संस्था चाले. भूविज्ञान, खगोलशास्त्र अशा विषयांच्या वेगळ्या संस्था निघू लागल्या तेव्हा बँक्स यांनी विरोध केला. घर एकत्र राहावे ही त्यांची इच्छा होती. घरात नव्या पिढीला जागा नव्हती, ही अडचण होती.

१५/
१८३० मध्ये ठिणगी पडली. गणनयंत्राचा जनक चार्ल्स बॅबेज याने इंग्लंडमधील विज्ञानाच्या अधोगतीवर पुस्तक लिहून सोसायटीवर आसूड ओढला. त्याच वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूला खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल, दुसऱ्या बाजूला राजाचा भाऊ ड्यूक ऑफ ससेक्स. निकाल : ड्यूक ११९, हर्शेल १११. सुधारक केवळ ८ मतांनी हरले. मात्र आकड्यांनी एक गोष्ट उघड केली. आता निम्मे घर बदलाच्या बाजूला होते.

१६/
त्याच सुमारास विल्यम व्हेवेल यांनी सुचवले की, आलेल्या लेखावर दोन जाणकारांनी वाचून लेखी अभिप्राय द्यावा. पहिला प्रयोग जॉर्ज एअरी यांच्या ग्रहगतीवरील लेखावर झाला. परीक्षक स्वतः व्हेवेल आणि जॉन लबक. दोघांचे जमेना! व्हेवेल यांना लेखाचे महत्त्व जगाला सांगायचे होते. लबक यांना त्यातल्या उणिवा दाखवायच्या होत्या. अखेर तडजोड झाली आणि १८३२ मध्ये अभिप्राय छापला गेला. आज जगभरची संशोधन नियतकालिके ज्या तज्ज्ञ-परीक्षणावर चालतात, त्याच्या पूर्वजांपैकी हा एक. त्याचा जन्मच मतभेदातून झाला.

१७/
आता मुंबईची गाठ. २७ मे १८४१ रोजी आर्देशीर कर्सेटजी वाडिया फेलो म्हणून निवडून आले. रॉयल सोसायटीचे हे पहिले भारतीय सभासद. लवजी नसरवानजी वाडिया यांच्या ज्या पारशी घराण्याने मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली, त्यातले हे अभियंते. त्याच घराण्याने १८१७ मध्ये बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमध्ये आजही पाण्यावर आहे. आर्देशीर यांनी १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या घरी गॅसचे दिवे लावले होते. वाफेच्या यंत्रांचा त्यांचा अभ्यास इतका होता की, कंपनीच्या मुंबईतील कारखान्यात युरोपीय कामगार त्यांच्या हाताखाली काम करत.

१८/
१८४७ मध्ये सुधारकांचा विजय झाला. नव्या नियमानुसार वर्षाला फक्त १५ फेलो निवडले जाणार आणि निवड वैज्ञानिक कामावर होणार. त्यामुळे सरदारांची गर्दी ओसरत गेली. काही दशकांत सोसायटी खऱ्या अर्थाने वैज्ञानिकांची झाली. त्यामागे वकील आणि भौतिकशास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्ह यांचा मोठा वाटा होता. संस्थेला आधुनिक करण्याचे हे धडधडीत यश मानले जाते, आणि ते तसे आहेही.

१९/
मात्र प्रत्येक दार बंद करताना त्यामागे कोण राहिले, हेही पाहावे लागते. आर्देशीर यांच्यानंतरचा दुसरा भारतीय फेलो म्हणजे श्रीनिवास रामानुजन, १९१८ मध्ये. मध्ये ७७ वर्षे! याला एकटा १८४७ चा नियम कारण नव्हता. वसाहतीत संशोधनाच्या संधीच तुटपुंज्या होत्या. पण ‘काम पाहून निवड’ या नियमाला एक मुकी अट चिकटलेली असते : काम करायची संधी आधी मिळालेली असावी. डेल्फ्टचा कापडव्यापारी या नव्या चाळणीतून खाली उतरला असता का, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे.

२०/
अशीच दुसरी अट उघडी पडली १९०२ मध्ये. विजेच्या कमानीवर, म्हणजे त्या काळच्या झगझगीत दिव्यांमागच्या विज्ञानावर, हर्था एर्टन यांनी मूलभूत काम केले होते. त्यांचे नाव फेलो पदासाठी सुचवले गेले. सोसायटीने वकिलांचा सल्ला घेतला. उत्तर आले : विवाहित स्त्रीला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व नाही, म्हणून ती पात्र नाही. ज्या संस्थेचे ब्रीद ‘शब्दावर विसंबू नका’ होते, ती सनदेतल्या शब्दांवर विसंबली. समोरचे काम कोणी नाकारले नव्हते. नाकारली गेली ती काम करणारी व्यक्ती.

२१/
१९०४ मध्ये एर्टन यांनी वाळूवर उमटणाऱ्या लाटांच्या खुणांवरचा आपला निबंध सोसायटीत स्वतः वाचला. असे करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९०६ मध्ये सोसायटीने त्यांना ह्यूज पदक दिले. पदक देता येत होते, सभासदत्व नाही! १९१९ च्या कायद्याने सनदी संस्थांमध्ये स्त्रियांना लिंगभेदावरून वगळण्याचा आधारच काढून घेतला. तरीही २५ वर्षे एकही स्त्री निवडली गेली नाही. एर्टन १९२३ मध्ये गेल्या. कायद्याने कुलूप निघाले, तरी दार ढकलायला आतून कोणीतरी उठावे लागते.

२२/
१९४५ मध्ये दोन स्त्रिया फेलो झाल्या. स्फटिकशास्त्रज्ञ कॅथलीन लॉन्सडेल यांनी बेंझिनचे वलय सपाट असते हे क्ष-किरणांनी दाखवून दिले होते. मार्जरी स्टीफन्सन यांचे क्षेत्र होते जिवाणूंमधील रासायनिक प्रक्रिया. पाण्याच्या थेंबातल्या ज्या जीवांना १६७७ मध्ये या सोसायटीने एका अनोळखी माणसासाठी स्वतः तपासून पाहिले, त्यांच्याच अभ्यासकाला आत येण्यासाठी २८५ वर्षांच्या संस्थेने इतकी वाट पाहायला लावली.

२३/
हा सगळा इतिहास एकत्र पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. पत्रे, नियतकालिक, समिती, परीक्षक, १५ ची मर्यादा, स्त्रियांचे सभासदत्व : यांतले काहीही १६६० मध्ये त्या १२ जणांच्या मनात नव्हते. त्यांची आठवड्याची १ शिलिंगची रीत केव्हाच गेली. संस्थेचा गाभारा म्हणजे एकच गोष्ट : कोणाचेही म्हणणे तपासता आले पाहिजे आणि कोणालाही ते तपासता आले पाहिजे. या वाक्याचा पहिला अर्धा सोसायटीने लवकर आत्मसात केला. ‘कोणालाही’ हा शब्द उमजायला शतके गेली.

२४/
म्हणून परंपरा जपायची की नवे आणायचे, हा वादच येथे फसवा ठरतो. १७१२ मध्ये परंपरा पूर्ण शाबूत होती आणि ध्येय हरले. १७५२ मध्ये परंपरा मोडली आणि ध्येय जिंकले. १८४७ मध्ये दोन्ही घडले : चर्चेचा दर्जा वाढला, पण उंबरठाही उंच झाला. मंडळे, वाचनालये, व्याख्यानमाला, संशोधन संस्था चालवणाऱ्या प्रत्येक पिढीपुढे हाच हिशेब असतो. बदलामुळे कोणाला बोलता येऊ लागले आणि कोणाचे बोलणे बंद झाले, या दोन्ही रकाने भरल्याशिवाय तो पुरा होत नाही.

२५/
२०११ मध्ये सोसायटीने आपल्या नियतकालिकांतील ७० वर्षांहून जुने सर्व लेख इंटरनेटवर कायमचे विनामूल्य खुले केले. त्यात न्यूटन आहे, आणि लायब्निट्सवर उठलेला तो निनावी लेखही आहे. तो काढून टाकलेला नाही. ओल्डेनबर्गने छापलेले लेव्हेनहूकचे १६७७ चे पत्रही आहे. मिरजेची किंवा चंद्रपूरची एखादी विद्यार्थिनी ते आज फोनवर उघडू शकते, थेंबातल्या त्या जीवांचे वर्णन वाचू शकते, आणि शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली डबक्याचे पाणी ठेवून ते खरे आहे का, हे स्वतः पाहू शकते. शिलिंग लागत नाही, शिफारस लागत नाही.